नऊ नंबरची चाल

"मॅडम, तुमचा पाय तुमचं ऐकत नाहीये," निलोफर म्हणाली.

"माझं घरात कुणी ऐकत नाही, मैदानावर पोरी ऐकत नाहीत. आता पायाचंच काय घेऊन बसलीस?"

एरवी अशा बोलण्यावर निलोफर मुजावर खळखळून हसते. मिरजेतल्या त्या दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट आहे, तिशीच्या आतबाहेरची. माझा उजवा गुडघा बदलल्यापासून चार महिने ती मला चालवत होती. त्या दिवशी ती हसली नाही. तिनं समोरचा पडदा माझ्याकडे वळवला.

पडद्यावर माझ्या गुडघ्याचं चित्र होतं. आतली बाजू लालभडक, बाहेरची निळी.

"सगळा भार आतल्या बाजूवर येतोय. शंभरातले बहात्तर. साठच्या आत पाहिजे. म्हणून तर सूज उतरत नाही. असंच चाललं तर सांध्याची खालची धातूची पट्टी दोन वर्षांत हाडातून सुटेल. मग पुन्हा ऑपरेशन, आणि दुसऱ्या वेळचं ऑपरेशन पहिल्यासारखं सोपं नसतं."

"म्हणजे मी व्यायामात चुकारपणा करते असं म्हणायचंय तुला?"

"तुम्ही आणि चुकारपणा? मी वीस सांगितले की तुम्ही चाळीस करता. भानगड वेगळीच आहे." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "मशीन म्हणतंय, व्हिडिओतल्या मुलीची मांडी तुमच्या मांडीपेक्षा दोन सेंटिमीटरनं लांब आहे. वयानं माणूस खचतं, मॅडम. पाठ वाकते, उंची कमी होते. पण मांडीचं हाड काही आखूड होत नाही."

मी बाटली उचलून सावकाश पाणी प्यायले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

आधी गुडघ्याचं सांगते, मग व्हिडिओचं.

गुडघा बदलणं ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. आमच्या एका गल्लीत सात जणींचे बदललेत. पण पूर्वी व्हायचं काय, की सांधा नवा बसायचा आणि चालणं जुनंच राहायचं. दहा-बारा वर्षं माणूस दुखऱ्या पायावर लंगडलेलं असतं. मेंदूला ते लंगडणंच पाठ झालेलं असतं. सांधा कितीही सरळ बसवा, मेंदू आपला स्नायूंना जुनेच हुकूम सोडत राहतो. मग ऑपरेशन उत्तम झालं म्हणून डॉक्टर खूश आणि पाय धड नाही म्हणून पेशंट रडवेला.

त्यावर सात-आठ वर्षांपूर्वी उपाय निघाला. नव्या सांध्यात दोन्ही हाडांवर धातू बसवतात आणि मधे प्लास्टिकची गादी असते. त्या गादीत आता एक पातळ पापुद्रा घालतात. पाऊल पडलं की तो दाबला जातो, आणि दाबल्यामुळं त्यात वीज तयार होते. तेवढ्याशा विजेवर त्याचं भागतं, बॅटरी लागत नाही. कुठल्या बाजूला किती भार आला, गुडघा किती वाकला, हे तो मांडीवर बांधलेल्या पट्ट्याला कळवत राहतो. पट्टा मग नेमक्या क्षणी नेमक्या स्नायूला बारीकसा झटका देतो. दुखत नाही, मुंग्या आल्यासारखं होतं. आता हा स्नायू आवळ, आता तो सोड, असं तो पायाला शिकवत असतो. सहा-आठ महिन्यांत मेंदू शिकतो आणि पट्टा सुटतो.

पण शिकवायचं कुठलं चालणं? प्रत्येकाची चाल निराळी. दहा माणसं पाठमोरी चालली असली तरी आपण आपलं माणूस ओळखतो ते त्यामुळंच. म्हणून दुखणं सुरू व्हायच्या आधीची, तरुणपणीची चाल लागते. जुना व्हिडिओ दिला की मशीन त्यातून हाडांची लांबी काढतं, कंबर किती फिरते, टाच कशी पडते ते मोजतं, आणि त्या माणसाची 'मूळ चाल' तयार करतं. ऑपरेशनच्या वेळी सांधा कुठल्या कोनात बसवायचा तेसुद्धा तिच्यावरून ठरतं, आणि नंतर तीच पट्ट्यात भरतात. म्हणजे पासष्टीच्या बाईला तिची एकविशीतली चाल बोट धरून चालवते.

माझा व्हिडिओ दवाखान्यात नेऊन दिला आमच्या ह्यांनी. ऑपरेशनच्या आठ दिवस आधी, मला न विचारता. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. वस्तू जपायची भारी हौस. १९९९ सालची ती टेप त्यांनी आधी सीडीवर घेतली, मग फोनवर, मग आणखी कशाकशावर. घरी पाहुणा आला की चहाबरोबर ती दाखवायचीच. परभणीची राज्यस्तरीय खो-खो स्पर्धा, अंतिम सामना, आमचं कृष्णातीर मंडळ. शेवटच्या तुकडीतल्या दोघी बाद झाल्यात आणि नऊ नंबरची जर्सी घातलेली मुलगी एकटी उरलीय. खांबाला गिरकी घालते, उजवीकडं जाते असं दाखवून डावीकडं निसटते. तीन मिनिटं चाळीस सेकंद ती कुणाच्या हाताला लागली नाही, आणि आम्ही कप जिंकला.

नऊ नंबर म्हणजे शालन कोरे. म्हणजे लग्नाआधीची मी. कागदावर तसंच आहे.

खरं असं, की ती मुलगी मी नव्हे.

तिचं नाव महादेवी मगदूम. म्हैसाळच्या पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीतलं कागवाड हे तिचं गाव. रोज सायकल मारत मिरजेला आमच्या मैदानावर यायची. आमच्यातली सगळ्यात चपळ पोरगी ती, पण नोंदणी महाराष्ट्रातल्या खेळाडूंचीच व्हायची, त्यामुळं संघात तिला जागा नाही. आमच्या सरांनी तिला परभणीला नेलं ते पाणी द्यायला आणि जर्स्या धुवायला. उपांत्य सामन्यात खांबाजवळ माझा उजवा गुडघा फिरला. कडकन आवाज आला, मीच ऐकला. रात्रीतून गुडघा टम्म सुजला. सकाळी सर आले, माझ्याकडं बघितलं, महादेवीकडं बघितलं आणि मला म्हणाले, "जर्सी काढ." आम्ही दोघी एका अंगकाठीच्या, दोघींचे केस बारीक कापलेले. परभणीत आम्हाला ओळखणारं होतं कोण?

मी जर्सी काढून दिली. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. मी तोंडाला स्कार्फ बांधून मंडपात मागं बसले आणि माझ्या नावानं ती पळाली. बक्षीस घ्यायला मात्र मी गेले, कारण पाहुणे जवळून फोटो काढणार होते. मी लंगडत स्टेजवर चढले तेव्हा लोक उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, पोरगी मोडक्या पायानं पळाली.

त्या प्रमाणपत्रावर मला पाच टक्क्यांच्या क्रीडा आरक्षणातून सरकारी नोकरी लागली. मंडळानं सत्कार केला, तिथं टेप लावली, ती बघून आमच्या ह्यांनी आठवड्यात मागणी घातली. नोकरी सांभाळून मी पस्तीस वर्षं मंडळात पोरी घडवल्या. नवीन सभागृहाला माझं नाव दिलंय. महादेवीचं त्याच वर्षी जमखंडीकडं लग्न झालं. पुन्हा भेट नाही. सर गेले, ज्यांना माहीत होतं त्या संघातल्या पोरी लग्न होऊन पांगल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी गप्प राहिले. लाज वाटत नव्हती असं नाही. वाटायची, दर वेळी टेप लागली की वाटायची. पण तेवढी लाज पचवून चहा पिता येतो.

आणि आता चव्वेचाळीस वर्षांनी दोन सेंटिमीटर हाड साक्षीला उभं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर भोकऱ्यांनी बोलावलं. यांनीच माझं ऑपरेशन केलेलं. मी रात्रभर उत्तरं पाठ करून गेले होते, एकाचीही गरज पडली नाही.

"दोष टेपचा आहे," डॉक्टर म्हणाले. "इतकी जुनी टेप, चार वेळा कॉपी केलेली. चित्र लांबट झालं असणार, ते आम्ही आधीच ताडून बघायला हवं होतं. आपण ही मूळ चाल काढून टाकू आणि कोऱ्या पाटीवरून सुरुवात करू. म्हणजे गुडघ्याच्या मोजमापावरून पट्टा हळूहळू तुमची नवी चाल शोधेल. वर्षभर लागेल. चुकीच्या चालीनं चार महिने गेलेत, त्यामुळं कंटाळा येईल, दुखेल."

"दुखू दे. मी कंटाळत नाही."

"सांधा वाचेल, याची मला खात्री आहे."

सुंठीवाचून खोकला गेला. माझा पाय वाचणार होता, तोंड उघडावं लागणार नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की जिन्यानंच खाली उतरावं म्हटलं. निलोफरनं तेवढ्यात अडवलं.

"पट्टा बदलायच्या आधी एक शेवटची फेरी घालू, मॅडम. जुन्या चालीची नोंद लागते."

चालण्याच्या हॉलमध्ये एका बाजूला बाकं असतात. तपासणीला आलेले लोक तिथं बसतात. मी पट्टा बांधून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. उजव्या पायाची टाच जरा बाहेर पडत होती, खांदा आधी पुढं जात होता. चार महिने हे असंच चाललं होतं. वळायला थांबले तर मागून आवाज आला.

"काय गं, कुणाची चाल चालतीस तू?"

बाकावर एक म्हातारी बसली होती. नऊवारी, हातात वेताची काठी, दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेले. चेहरा मला ओळखू आला नाही. आवाज आला.

"पाठमोरी बघितली आनि मला वाटलं, मीच चाललीया," ती म्हणाली. "शालन न्हवं तू?"

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. निलोफरला म्हटलं, "पाच मिनिटं दे, ओळखीची आहे." ती पडद्यामागं गेली.

महादेवीनं माझ्या मांडीवरच्या पट्ट्याला बोट लावून बघितलं. "ह्यात घातलीय व्हय माझी चाल? त्यो परभनीचा व्हिडिओ?"

"हो."

"आनि सोसती का तुला?"

"नाही सोसत. काढून टाकणार आहेत."

"टाक बाई, काढून टाक. त्रास कशाला करून घ्यायचा." हे ती अगदी मनापासून म्हणाली. त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

मग तिनं तिचं सांगितलं. नवरा बारा वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून ती कागवाडलाच असते. कडक भाकऱ्या करून विकते. दिवसभर चुलीपुढं जमिनीवर बसून गुडघ्यांची पार वाट लागली. काठी टेकत, आडवी आडवी चालते. गेल्या वर्षी दोनदा पडली. येत्या गुरुवारी तिचं पहिल्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं.

"डाक्टर म्हनत्यात, तरनेपनीचा व्हिडिओ आना. इतकी वर्सं वाकडं चालल्यावर नुसता सांधा बदलून काठी सुटायची न्हाई, पडायचं भ्या ऱ्हानारच. आता माझा कुठला आलाय व्हिडिओ? लग्नात फोटो सहा काढले, त्यातल्या दोनात माझी मान कापलीया." ती हसली. "माझा एकच व्हिडिओ निघाला जन्मात, आनि त्यो तुझा हाय."

"तू डॉक्टरांना काही सांगितलंस?"

"काय सांगू? मी काय मागायला आले न्हाई, शालन. तू हितं दिसशील हे मला काय ठावं?"

मी घरी कशी आले ते आठवत नाही. एवढं आठवतं की रिक्षात मी स्वतःला मोठ्यानं शिवी दिली आणि रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं. माझ्या गुडघ्याची चिंता मिटली होती. मी गप्प बसले असते तर माझं काहीही वाकडं होणार नव्हतं. महादेवी तेवढी उरलेलं आयुष्य काठीवर काढणार होती, आणि तिची चाल दवाखान्याच्या मशीनमध्ये माझ्या नावावर पडून राहणार होती. मैदानावर मी पोरींना एकच गोष्ट ओरडून शिकवली: चूक झाली की पंचाकडं बघू नका, आपण होऊन हात वर करा. शिकवायला माझं काय जात होतं?

दुसऱ्या दिवशी मी निलोफरला फोन करून विचारलं, की एकाच्या नावावरची मूळ चाल दुसऱ्याला देता येते का.

"नाही, मॅडम. चाल म्हणजे शरीराची खासगी माहिती. मालकाशिवाय कुणाला मिळत नाही. व्हिडिओतला माणूस आपण नसून अमुक आहे, असं ज्याच्या नावावर आहे त्यानं सहीनिशी लिहून दिलं तरच." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि ते लिहून दिलेलं सरकारी रजिस्टरला जातं, मॅडम. कुणीही मागवू शकतं."

पोरगी हुशार. काही विचारलं नाही, पण तिला कळलं होतं.

आमचे हे अंगणात बसून माझ्या वॉकरच्या चाकाला तेल घालत होते. मला आता वॉकर लागत नाही, पण वस्तू गंजलेली त्यांना बघवत नाही. मी खुर्ची ओढून समोर बसले आणि सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, एका दमात. शेवटी म्हटलं, "त्या टेपमध्ये मी नाही. कधीच नव्हते."

त्यांनी तेलाच्या डबीला झाकण लावलं. "म्हणजे मी चाळीस वर्षं दुसऱ्याच बाईचं पळणं बघत बसलो होतो."

"हो."

"आणि तू शेजारी बसून चहा पीत होतीस."

ते उठून आत गेले. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले, पण बोलले नाहीत. बोलून भांडले असते तर मी भांडले असते, त्यात मी कुणाला हार जात नाही. हे तोंड दाबून बुक्क्यांचा मार झालं. त्यांनी मागणी घातली होती त्या गिरकीवर भाळून, हे त्यांनीच मला शंभरदा ऐकवलेलं. आता त्यांच्या मनात काय चाललं असेल, हाच विचार दिवसभर डोक्यात. मी व्यायाम मात्र चुकवला नाही. टाचेखाली टॉवेल, पाय सरळ, दहा आकडे, पुन्हा.

मंगळवारी संध्याकाळी ते माझ्या व्यायामाच्या चटईशेजारी येऊन उभे राहिले.

"पेन्शन बंद होईल," ते म्हणाले.

"होईल."

"सभागृहावरचं नाव काढतील."

"काढू देत."

"वर्कशॉपमधले माझ्या तोंडावर हसतील. एकेकाला घरी बोलावून दाखवलीय मी ती टेप."

"हसतील."

ते चटईच्या कडेला खाली बसले. "मला आधी सांगायचं होतंस. लग्नाआधी नाही, पण नंतर कधीतरी. याचा राग आहे मला, आणि तो इतक्यात जाणार नाही."

"नका घालवू. आहे ते बरोबरच आहे."

"दवाखाना दहाला उघडतो," ते म्हणाले. "साडेनऊला तयार राहा. मूळ टेप माझ्याकडं आहे, तीच घेऊ."

बुधवारी सकाळी डॉक्टर भोकरे, निलोफर, आमचे हे, मी आणि निलोफरनं फोन करून बोलावलेली महादेवी, असे पाच जण त्या खोलीत होतो. मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि निलोफरकडं बघितलं. तिनं महादेवीचा एक्स-रे मशीनला दिला आणि मांडीच्या हाडाची लांबी पडद्यावर मागवली. व्हिडिओतल्या मुलीची मांडी आणि महादेवीची मांडी, फरक दोन मिलिमीटर. नडगीचं हाड, कमरेची रुंदी, सगळं जुळलं. टेपचा काहीही दोष नव्हता.

"यांचीच आहे," निलोफर हळूच म्हणाली.

आमचे हे महादेवीकडं बघत होते. चाळीस वर्षं बघितलेल्या मुलीला त्यांनी पहिल्यांदा समोरासमोर बघितलं. त्यांनी उठून तिला आपली खुर्ची दिली, कारण तिची मोडकी होती.

फॉर्म एका पानाचा होता. स्पर्धेचं नाव, साल, जर्सीचा क्रमांक, त्या क्रमांकावर प्रत्यक्ष खेळलेली व्यक्ती. मी वाचून सगळं भरलं आणि सहीला पेन टेकवलं, तर महादेवीनं माझं मनगट धरलं.

"नको शालन. ह्या वयात पेन्शन गेली तर काय करशील? मी चालीन अशीच, काठी काय वाईट हाय? माझ्यापायी तू उघडी पडू नगंस."

"हात काढ."

"आगं मी तुला कधी काय म्हटलं का?"

"नाही म्हटलंस, तेच तर. तुला जर्सी दिली तेव्हा तुला कुणी विचारलं होतं? आताही विचारत नाही. गप बस."

तिनं हात काढला. मी सही केली. खाली तारीख घातली. मग डॉक्टरांनी फाइलचं नाव बदललं, आणि पडद्यावर पहिल्यांदा कुठंतरी लिहिलं गेलं: महादेवी मगदूम, क्रमांक नऊ, परभणी. महादेवीला मराठी वाचता येत नाही, तिचं शिक्षण कानडीत झालेलं. निलोफरनं तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "परत एकदा वाच." निलोफरनं परत वाचलं. तेव्हा ती रडली, आणि मीही रडले. आमचे हे खिडकीतून बाहेर बघत राहिले.

या गोष्टीला आता सात महिने झाले.

सरकारी खात्याचं पत्र आलंय. प्रमाणपत्राबाबत पंधरा दिवसांत खुलासा करा. मी अर्ध्या पानात केला, कारण खुलासा करण्यासारखं फारसं नव्हतं. चौकशी चालू आहे. पेन्शन तूर्त थांबलीय, ह्यांच्या पेन्शनवर घर चालतं आणि ते रोज एकदा ते बोलून दाखवतात. मंडळानं सभागृहावरची पाटी उतरवली. तिथं महादेवीचं नाव लावा, असा अर्ज मी दिलाय. त्यावर तीन बैठका झाल्या, चौथी पुढच्या महिन्यात आहे. निर्णय होईपर्यंत मी दर महिन्याला अर्ज देणार आहे. मैदानावर मात्र पोरी अजून येतात माझ्याकडं. पहिल्याच दिवशी एकीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही खोटं खेळला होतात?" मी म्हटलं, "मी खेळलेच नव्हते. आता खाली बस आणि खो नीट दे."

माझा पट्टा कोऱ्या पाटीवर आहे. माझी स्वतःची चाल कशी होती ते मलाही माहीत नाही. एकविशीत गुडघा मोडला, मग दुखणं, मग चार महिने महादेवीची. नवी चाल रांगत रांगत येतेय. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना नवा पाय आधी, हे अजून तोंडानं म्हणावं लागतं. खाली मांडी घालून बसता येत नाही, ते येणारही नाही. देवपूजा खुर्चीवरूनच. पण आतल्या बाजूचा भार बहात्तरवरून एकोणसाठवर आलाय. निलोफरनं त्या दिवशी पेढे वाटले.

महादेवीचा पहिला गुडघा ठरल्या दिवशी झाला, दुसरा तीन महिन्यांनी. आता ती आठवड्यातून दोनदा कागवाडहून एसटीनं येते आणि आम्ही आमच्या मैदानावर चालतो. आमचे हे पलीकडं बाकावर पेपर घेऊन बसतात. पेपर वाचतात असं नाही.

परवा तिनं काठी आणलीच नाही. मी विचारलं तर म्हणाली, "घरी ऱ्हायली." मग निघाली. उजवी टाच बाहेर, खांदा आधी पुढं. सात महिन्यांपूर्वी आडवी आडवी चालणारी बाई सरळ रेषेत चालली होती. माझ्यावर जी चाल नुसती ओढाताण वाटायची, ती तिच्या अंगावर शोभून दिसत होती. पेपर खाली ठेवून हे उभे राहिले. मी अर्ध्या मैदानात पोचले तोवर ती त्या टोकाला जाऊन वळलीसुद्धा होती.

"थांब की जरा," मी ओरडले.

"थांबत न्हाई," ती चालता चालताच म्हणाली. "लई वर्सं थांबले."

मला राग आला नाही. बरं वाटलं. पट्टा मांडीवर घट्ट करून घेतला आणि तिच्या मागं निघाले.